आधी अंगठा, मग सही

“घोंगडं कुठाय रे?”

अध्यक्षांनी विचारलं. स्टेजवरून. माईक चालू होता.

“ट्रंकेत,” मी म्हणालो. मी माईकला चिकटूनच उभा होतो, त्यामुळं तेही सगळ्या सभागृहानं ऐकलं.

“मग घे की खांद्यावर! पाहुणे थांबलेत.”

सभागृह हसलं. पुढच्या खुर्च्यांवरचे हसले, मागं सतरंजीवर बसलेल्या बाया हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मला ती सवयच होती. माझ्यावर कुणी हसायला लागलं की मी त्यांच्या आधी पोचायचो. मग जरा बरं वाटतं. विनोद आपणच केलाय असं वाटतं.

वय एकतीस. बी.ए. पास. संस्थेचा संघटक. आणि मी ट्रंकेकडं पळालो. चालत गेलो नाही, पळालो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी जरा ताठ उभा राहिलो असं सांगणार आहे. तेव्हा आधी पळालो होतो हेही लिहून ठेवलेलं बरं.

आता हे घोंगड्याचं प्रकरण काय, ते सांगायला मागं जावं लागेल.

मी माळशिरसकडचा. धनगराचा. वर्षातले आठ महिने बाप मेंढरांमागं आणि आम्ही बापामागं. मामाच्या हट्टानं अकलूजच्या शाळेत पडलो, तिथून सोलापूरच्या कॉलेजात. कॉलेजची फी आमच्या या संस्थेनं भरली. वह्या दिल्या, राहायला खोली दिली. हे खरं आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. भानगड एवढीच, की संस्थेनं मला ते कधी विसरूही दिलं नाही.

बी.ए. झालो आणि संस्थेनंच नोकरीला ठेवून घेतलं. सात रस्त्याला एका शिंप्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की आमचं ऑफिस. काम होतं प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवायचं. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांचे. बाया सकाळपासून पानं कातरायच्या, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, कारखान्यात देऊन आल्या की चारच्या सुमाराला पाटी घेऊन बसायच्या. गल्लीत मागांची खटखट एवढी, की ‘अ’ शिकवताना ‘आ’ एवढं तोंड उघडावं लागायचं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी वार्षिक संमेलनाआधी अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे पांढरा शुभ्र, मऊ बोलणारा माणूस. माझ्यावर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी लवकर शहाणा झालो असतो.

“गावाकडून येताना एक घोंगडं आण,” ते म्हणाले. “ते खांद्यावर घेऊन चार शब्द बोल. आपला मुलगा कुठून कुठं आला, हे लोकांना दिसलं पाहिजे.”

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माईकवर बोलायला मिळणार!

गावाकडं गेलो. बापाला म्हणालो, “आबा, सायबांना घोंगडं पायजे.”

बापाला वाटलं, भेट म्हणून पाहिजे. त्याच्याकडं एक नवंकोरं होतं. आमच्याच मेंढरांची काळी लोकर निवडून सनगराकडनं विणून घेतलेलं. माझ्या लग्नासाठी ठेवलेलं. त्यानं ते काढलं, झटकलं, पुन्हा घडी घातली.

“सायबाला द्यायचं तर ह्येच ने. जुनं द्यायचं न्हाय. तुला शिकिवलंय त्यास्नी.”

मी ते ऑफिसात आणलं. अध्यक्षांनी हात फिरवला. “छान आहे रे. पण हे फारच नवं दिसतंय. एखादं फाटकं नाही का?”

आता इथं शहाण्या माणसानं काय करायचं? मी काय केलं ते सांगतो. मार्केटात गेलो. एका गाडीवानाच्या बैलाच्या पाठीवर एक जीर्ण घोंगडं होतं. गाडीवानाला चहा पाजला, माझा टॉवेल दिला आणि ते मागून घेतलं. त्याला शेणामुताचा असा वास होता, की तो बैलसुद्धा सुटल्यासारखा माझ्याकडं बघत होता. ते बैलाचं घोंगडं पांघरून मी माझी जीवनकथा सांगितली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. वासानं असतील, पण पुसले.

बापाच्या घोंगड्याचं काय झालं? ऑफिसात कागदांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाईलचं मशीन होतं. धूळ बसून शाई खराब व्हायची. मीच ते घोंगडं त्याच्यावर टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच टाकलं.

गावाकडं गेलो की बाप विचारायचा, “सायबाला ऊब लागती का रं?”

“लई लागती, आबा.”

सात वर्षं हे चाललं.

भाषण सात मिनिटांचं होतं. दर वर्षी मी त्यात भर घालायचो. एका वर्षी सांगितलं, की मी पहिल्यांदा खडू बघितला तेव्हा खाऊनच टाकला. हे साफ खोटं. पाटीवरची पेन्सिल खाल्ली होती, पण ती कुणी खाल्ली नाही? खडूवर मात्र हमखास हशा यायचा. शेवटचं वाक्य ठरलेलं: “आणि मग मला देवमाणूस भेटला!” असं म्हणून मी अध्यक्षांकडं हात करायचो. ते अगदी त्याच क्षणी मान खाली घालायचे. आमची दोघांची तालीम कधीच झाली नव्हती, पण एकदाही चूक झाली नाही.

असं असताना मी स्वतःची एक कल्पना काढली. नाव ठेवलं: ‘आधी अंगठा, मग सही’.

स्टेजवर फळ्यावर मोठा पांढरा कागद लावायचा. वर्गातली एक बाई येणार. मी तिचा अंगठा शाईच्या उशीवर दाबणार, मग कागदावर. मग रॉकेलच्या बोळ्यानं तिचा अंगठा पुसणार आणि तिच्या हातात जाड पेन देणार. ती अंगठ्याच्या शेजारी सही करणार. टाळ्या.

पहिल्या वर्षी मी नरसव्वाला निवडलं. वर्गात मी तिला नरसक्का म्हणायचो. पस्तिशीची बाई, घरात तेलुगू बोलणारी, मराठी थोडं अडखळत पण नेमकं बोलायची. त्या वर्षी तिनं खरोखरच पहिल्यांदा चारचौघांत सही केली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. त्या दिवसाची मला लाज वाटत नाही.

लाज पुढची आहे. अध्यक्ष म्हणाले, “हे दर वर्षी ठेव.” मी ठेवलं. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा नरसव्वालाच उभं केलं. कारण ती घाबरायची नाही, वेळेवर यायची, आणि कुठं उभं राहायचं ते तिला ठाऊक होतं. एव्हाना ती वर्तमानपत्र वाचत होती. गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहून देत होती. सही तर अशी झोकात करायची, की मला तिला सांगावं लागलं, “नरसक्का, जरा हात थरथरू द्या की. लोकांना खरं वाटत नाही.”

मी मास्तर. बाईला लिहायला शिकवलं आणि मग न येण्याचं सोंग शिकवलं.

तिसऱ्या वर्षी, संमेलनाच्या आठवडाभर आधी, वर्ग सुटल्यावर ती पाटी पुसत पुसत म्हणाली, “मास्तर, यंदा पण मीच अडाणी का?”

“पाचच मिनिटं, नरसक्का,” मी म्हणालो. आणि हसलो.

ती हसली नाही. पण आली.

त्या वर्षीचं संमेलन माझ्यासाठी मोठं होतं. संस्थेचे जुने चिटणीस निवृत्त झाले होते. सहा वर्षं त्यांचं सगळं काम मीच करत होतो. पत्रं मी लिहायचो, शिक्षक मी नेमायचो, अहवाल मी तयार करायचो. खाली सही चिटणिसांची नाहीतर अध्यक्षांची. संस्थेच्या एकाही कागदावर माझी सही नव्हती. त्यात मुंबईहून एक म्हातारं जोडपं पाहुणे म्हणून येणार होतं. ते संस्थेला इमारत बांधून देण्याच्या विचारात होते. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं.

“इमारत झाली की चिटणीस तू. माझा शब्द. फक्त कार्यक्रम नेहमीसारखा झाला पाहिजे.”

नेहमीसारखा! त्यात काय अवघड? झोपेत केला असता.

सकाळी दहाला सभागृह भरलं. स्वागत झालं, हार झाले. मग मी पुकारलं, “आधी अंगठा, मग सही!” नरसव्वा आली. धुतलेलं निळं लुगडं, डोक्यावरून पदर. मी शाईची उशी उघडली आणि तिचा हात धरला.

तिनं मूठ वळली.

“वद्दु, मास्तर,” ती हळूच म्हणाली. नको.

मला वाटलं, लाजतीय. मी कुजबुजलो, “अहो, द्या की. पाहुणे बघतायत.”

“गेल्या वर्षी शाई तीन दिवस निघाली नाही,” ती म्हणाली. “रॉकेलचा वास आणखी वेगळा. पानाला डाग लागले. कारखान्यातल्या चेकरनं तीन दिवसांच्या विड्या छाट, खराब म्हणून फेकल्या. ह्याच अंगठ्यानं वळते ना मी? उद्या कशानं वळू?”

मला हे माहीत नव्हतं. एक वर्ष झालं होतं. मी रोज तिला भेटत होतो. तिनं सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मी तिला काना, मात्रा, वेलांटी सगळं विचारलं होतं.

ती थांबली नाही. तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं, कागदाकडं गेली आणि जिथं अंगठा उमटवायचा होता, बरोबर तिथं, सही केली. पूर्ण नाव. आडनावासकट. हात जराही थरथरला नाही.

कुणाला टाळी वाजवायची की नाही ते कळेना. मुंबईच्या पाहुण्या बाई शेजारच्याला विचारत होत्या, “या तर आधीच शिकलेल्या दिसतात?”

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. “आधी अंगठा, आधी अंगठा!” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, त्याच मऊ आवाजात, पण यावेळी माईकच्या टप्प्यात: “मेंढराला कितीही शिकवा, खड्ड्यातच जातंय.”

नरसव्वाला नाही. मला.

आणि मग लगेच, वेळ सावरायला: “घोंगडं कुठाय रे?”

तर असा मी ट्रंकेकडं पळालो. घोंगडं काढलं. खांद्यावर घेतलं. वास तोच. माईकसमोर उभा राहिलो आणि तोंड आपोआप सुरू झालं.

“मी मेंढरांमागं फिरणारा पोरगा...”

मागं सतरंजीवर बाया बसल्या होत्या. दर वर्षी त्यांना बसवायचोच, म्हणजे सभागृह भरलेलं दिसायचं. त्यांना माझं भाषण पाठ झालं होतं. मी “अंगावर धड कापड नव्हतं” म्हणायच्या आधीच एक म्हातारी पुटपुटली, “अंगावर धड कापड नव्हतं.” शेजारची खुदकन हसली. मी खडूवर आलो, तर तिकडनं आधीच खडू आला. चार-पाच जणी मिळून. थट्टाच होती, दुष्टपणा नव्हता. वर्गात मी त्यांना असंच म्हणायला लावायचो ना! मी एक ओळ म्हणायची, मग त्यांनी. फक्त आज त्या पुढं होत्या आणि मी मागून म्हणत होतो.

“आणि मग मला...” मी म्हणालो.

“देवमाणूस भेटला,” मागनं आलं.

अध्यक्षांनी मान खाली घातली. वेळेवर.

नरसव्वा स्टेजच्या कडेला उभी होती. माझं पेन अजून तिच्या हातात. ती हसत नव्हती. वर्गात एखादी बाई गिरवताना अडकली, की नरसव्वा तिच्याकडं जशी बघायची, तशी ती माझ्याकडं बघत होती. येईल हिला, जरा थांबा, अशी.

हात देवमाणसाकडं करायचा होता. अर्धा वर गेला होता. तो तसाच राहिला. मग मी तो खाली घेतला.

“हे घोंगडं माझं नाही,” मी म्हणालो. “हे बैलाचं आहे.”

हशा. लोकांना वाटलं, भाषणातला नवा विनोद. मी सात वर्षं विदूषक होतो, लोकांचा काय दोष?

“माझ्या बापाचं घोंगडं चांगलं आहे,” मी म्हणालो. “नवं आहे. म्हणून ते चाललं नाही. ते ऑफिसात मशीनवर पडलंय. खडू मी खाल्लेला नाही. या बाईला दोन वर्षं झाली लिहिता येतं आणि दोन वर्षं मी तिला अंगठा लावायला लावतोय. तो खेळ माझा होता. आता मी करणार नाही. हेही करणार नाही.”

घोंगडं काढलं. कुठं ठेवावं कळेना. शेवटी माईकच्या दांड्यावर टाकलं, तर दांडा आडवा झाला आणि एवढा मोठा आवाज झाला की पाहुणे कान धरून बसले. बंडसुद्धा मला धड करता आलं नाही.

“खाली उतर,” अध्यक्ष म्हणाले.

उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. चहा मागवला. “दोन ओळी लिहून दे. तब्येत बरी नव्हती, भान सुटलं. मी पाहुण्यांना पाठवतो. आणि त्या बाईचं नाव वर्गातून काढ. बाकी सगळं ठरल्याप्रमाणं. चिटणीस तूच.”

दोन ओळी! मी पानं लिहिली होती या माणसासाठी. दोन ओळींचं काय? खरं सांगतो, पेन उचलावंसं वाटलं. पण पेन नव्हतं. ते नरसव्वाकडंच राहिलं होतं. मी म्हणालो, “विचार करून सांगतो,” आणि माळशिरसची एसटी धरली.

बाप मेंढरं मोजून आत घेत होता. मी सगळं सांगितलं. बैल, मशीन, सगळं. त्यानं एका कोकराला पायानं सरकवलं.

“म्हंजी सात वरसं मी एका मशीनला इचारत हुतो, ऊब लागली का म्हून?”

मी उगाच एक मेंढरू आत ढकललं.

“आन मशीनच्या वतीनं तू व्हय म्हणत हुतास.”

“चुकलं, आबा.”

“चुकलं न्हाय. चुकतं ते एकडाव.” तो मेंढरांकडं वळला. “जा. घिऊन ये माजं घोंगडं. मग बोल माज्याशी.”

मी त्याच पावली परत. सकाळी ऑफिसात गेलो, मशीनवरनं घोंगडं काढलं. एका बाजूला शाईचे डाग पडले होते. काखेत मारलं. टेबलावर बसून राजीनामा लिहिला. सुवाच्य अक्षर, समास सोडून, तारीख घालून. अध्यक्षांच्या पुढं ठेवला आणि जिन्याकडं निघालो. पाठ ताठ. मनात म्हटलं, हे मात्र झ्याक जमलं.

“थांब,” मागनं अध्यक्ष म्हणाले. “याच्यावर सही नाही.”

नव्हती. सात वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार करायची सवय. खाली जागा सोडायची आणि पुढं सरकवायचा. मी जागा सोडली होती. नीट, मधोमध.

परत आलो. अध्यक्षांनीच पेन पुढं केलं. ते हसत होते. सही केली. हात थरथरला. खराखुरा.

चिटणीस अध्यक्षांचा पुतण्या झाला. इमारत झाली. मी जाता-येता बघतो, चांगली बांधलीय. वर्गातल्या बावीस बायांपैकी नऊजणी माझ्यामागं आल्या, बाकीच्या नाही आल्या. संस्थेच्या वर्गात पंखा होता. आम्ही नरसव्वाच्या ओसरीवर बसतो, तिथं मागांची खटखट आहे आणि तंबाखूचा ठसका आहे. बापाला घोंगडं नेऊन दिलं. त्यानं डाग बघितले. बोलतो आता, पण ऊब लागती का म्हणून मी विचारलं तर उत्तर देत नाही.

मला अजून माईक दिसला की जीभ वळवळते. म्हणून सांगून टाकतो, मी सुधारलेलो नाही. फक्त ठरवलंय.

आम्ही आमची संस्था काढायची ठरवली. नोंदणीच्या अर्जावर सात सह्या लागतात. पाच बाया, गल्लीतला एक मागवाला आणि मी, असे कचेरीत गेलो. कारकुनानं वर बघितलं. लुगडी बघितली. एक शब्द न विचारता ड्रॉवर उघडला आणि शाईची उशी टेबलावर ठेवली. झाकण उघडून, बायांच्या बाजूला सरकवली.

“अंगठे घ्या इथं.”

ती उशी मी ओळखत होतो. तशीच. जांभळी, मधे खोलगट झालेली.

मी झाकण लावलं आणि ती त्याच्याकडं परत सरकवली.

“सह्या होतील,” मी म्हणालो.

“पाच बायका? अहो, संध्याकाळ होईल. मागं लोक उभे आहेत.”

“होऊ द्या.”

त्यानं उशी पुन्हा पुढं ढकलली. मी पुन्हा मागं. मागनं कुणीतरी ओरडलं, “ओ मास्तर, आटपा की!” नरसव्वानं पिशवीतनं पेन काढलं. माझंच पेन. टोपण उघडून तिनं बाकीच्या चौघींना रांगेत घेतलं आणि स्वतः पहिली उभी राहिली.

“अर्ज इकडं करा,” ती कारकुनाला म्हणाली. “घाई नाही आम्हाला.”